बिस्किटांच्या डब्यातले अकरा पगार

मी एक एटीएम कार्ड बोलतोय. दचकू नका, तुमच्या पाकिटातलं नाही. तुमचं बिचारं अजून नोकरीत आहे, त्याला बोलायला फुरसत कुठली? मी सुटलेला आहे. बँकेच्या दफ्तरी माझी नोंद ‘हरवलेलं’ अशी आहे. वास्तविक मी एक दिवसही हरवलो नव्हतो. मी कुठे आहे हे माझ्या मालकिणीला ठाऊक होतं, तिच्या सासऱ्यांना ठाऊक होतं, अर्ध्या कारखान्याला ठाऊक होतं. तरीही मला हरवलेलं ठरवलं गेलं, आणि ते बरंच झालं. कसं, तेच सांगतो.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. एका यंत्रातून प्लास्टिकची लांबलचक पट्टी आली, तिचे तुकडे झाले, त्यातला एक मी. पोटात एक चिप बसवली, अंगावर सोळा आकडे उठवले, खाली एका बाईचं नाव. पाठीवर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत चार ओळी छापल्या. त्या ओळी जगात कुणीही वाचत नाही. छापणाऱ्यानंसुद्धा वाचल्या नसतील. पण लक्षात ठेवा, त्या होत्या.

माझी मालकीण कपडे धुण्याच्या कारखान्यात कामाला. हॉटेलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, सगळे तिथे येतात. तिचं काम इस्त्रीच्या रुळावर. एका बाजूनं ओली चादर घालायची, दुसऱ्या बाजूनं कडक होऊन आली की दोघींनी धरून घडी घालायची. आठ तासांत चारशे चादरी. घरी आली की बोटं शेकलेली असत, आणि घरातल्या पलंगावरची चादर मात्र बिनइस्त्रीची.

नवरा चार वर्षांपूर्वी गेला. घरात ती, तिची बारा वर्षांची मुलगी आणि सासरे. सासऱ्यांना ती आप्पा म्हणे, मुलगी आजोबा म्हणे. मीही आजोबाच म्हणेन, वयानं आणि मानानं. आजोबांची उभी हयात छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेली. निवृत्त झाले तरी सवय सुटली नाही. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, साबणाचं वेष्टन, दाराखालून आलेली जाहिरात, जे हाताला लागेल ते भिंग लावून वाचायचे, आणि चूक सापडली की लाल पेनानं गोल करायचे. साबणाच्या वेष्टनाला कोण दुरुस्त करून पाठवणार, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

पहिली दोन वर्षं माझी चैन होती. मालकीण मला रुमालात गुंडाळून ठेवायची. महिन्याच्या एक तारखेला रांगेत उभी राहायची, आजूबाजूला चोरासारखं बघून पिन दाबायची आणि नोटा मोजून घेताना ओठ हलवायची. पगार चौदा हजार. एकदम थोडा नव्हता आणि पुरेल इतकाही नव्हता. पण तो तिच्या हातात पडायचा, आणि हातात पाडणारा मी! माझी छाती अशी फुगायची की यंत्राच्या फटीत अडकतो की काय, असं वाटायचं.

मग आजोबांचे दात गेले. वरचे खालचे मिळून उरलेले पाचही सहा महिन्यांत एकामागून एक. आजोबा पेज पिऊन दिवस काढू लागले आणि अर्धे झाले. दातांच्या डॉक्टरनं कवळीचे दहा हजार सांगितले. मालकिणीच्या गाठीला तेव्हा होते सातशे.

कारखान्याच्या फाटकासमोर एक दुकान होतं. पाटी होती, ‘झेरॉक्स, लॅमिनेशन, अर्जंट फोटो’. आणखी एक धंदा तिथे चालायचा, त्याची पाटी नव्हती. मालकाला सगळे भाऊ म्हणत. माणूस इतका गोड की मुंग्या लागाव्यात. कुणावर आवाज चढवला नाही, कुणाच्या दारात माणसं पाठवली नाहीत. पैसे हवेत म्हटलं की खुर्ची पुढे करायचा, चहा मागवायचा आणि विचारायचा, “ताई, किती देऊ?” सावकारीचा परवाना आहे का असं एकदा कुणीतरी चुकून विचारलं, तेव्हा भिंतीवरच्या चौकटीकडे बोट दाखवलं. चौकटीत परवाना होता खरा. दुकानाचा होता, झेरॉक्सचा.

“दहाला महिन्याला तीन,” भाऊ म्हणाला. “बँकेत गेलात तर दहा कागद मागतील. मी काहीच मागत नाही. फक्त कार्ड माझ्याकडे राहू द्या. आणि पिन. तुम्हालाच रांगेचा त्रास नको म्हणून हो.”

मालकिणीनं मला रुमालातून सोडलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. पिन सांगताना तिनं मान खाली घातली. इतके दिवस हातानं झाकून दाबलेले ते चार आकडे तिनं मोठ्यानं म्हटले, दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी असताना. मला लाज वाटली. प्लास्टिकला लाज वाटते का, असं म्हणाल. वाटते.

भाऊनं माझ्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढली. त्याच्याकडे नोंदवही वगैरे नव्हती. चार कार्डांची पुढची आणि मागची बाजू एका कागदावर, खाली लाल शाईत पिन, हेच त्याचं दफ्तर. मग मला त्यानं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकलं. आत अंधार, जुन्या बिस्किटांचा वास, आणि रबरबँडनं आवळलेली आमची तीस भावंडं.

डब्यातल्या गप्पा काय सांगू! सगळ्यांत वर एका शाळामास्तरांचं कार्ड होतं. ते आमच्याशी बोलायचं नाही. “मी इथे तात्पुरता आहे,” एवढंच म्हणायचं. तीन वर्षं तात्पुरतं होतं. माझ्या शेजारी होतं एटीएमच्या रखवालदाराचं कार्ड. हो, ज्या यंत्रातून भाऊ आमचे पगार काढायचा, त्याच खोलीच्या दाराशी काठी घेऊन बसणारा रखवालदार! “माझा मालक माझ्या डोळ्यांदेखत मला लुटू देतो आणि वर सलाम ठोकतो,” ते कार्ड म्हणायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो. नंतर हसू येईना.

एक तारखेला आमची वरात निघायची. भाऊ गठ्ठा घेऊन यंत्रापुढे उभा राहायचा. एक कार्ड आत, पिन, पैसे, बाहेर. दुसरं आत. मागची रांग चुळबुळायची, कुणी म्हणायचं, “अहो, घर बांधताय का आत?” भाऊ मागे वळून हात जोडायचा. “दोनच राहिली, दादा.” राहिलेली असायची सतरा.

संध्याकाळी बायका दुकानात यायच्या. भाऊ माझ्या मालकिणीच्या हातात दहा हजार आठशे ठेवायचा. तीन हजार व्याज, दोनशे कार्ड सांभाळण्याचे. ऐकलंत? मला डांबून ठेवण्याचं भाडं माझ्याच मालकिणीकडून! आणि मुद्दल जागच्या जागी. ते हप्त्यानं चालायचं नाही, द्यायचं तर दहाच्या दहा एकरकमी. ज्या बाईकडे दहा हजार एकरकमी असते, ती बिस्किटांच्या डब्याच्या वाटेला कशाला गेली असती?

आता या सगळ्यात खरं नुकसान कुणाचं झालं ते सांगतो. मुलीचं. तिला फळ्यावरचं दिसेनासं झालं होतं. शाळेतून चिठ्ठी आली, डोळे तपासा, चष्मा लागेल. मालकीण दर महिन्याला म्हणायची, “पुढच्या पगाराला नक्की.” पुढचा पगार आला की त्यातले तीन हजार दोनशे आधीच गेलेले असायचे, आणि चष्मा आणखी एक महिना पुढे जायचा. मुलगी पहिल्या बाकावर बसू लागली. मग तिथूनही दिसेना. परीक्षा तोंडावर आली तशी मैत्रिणीच्या वह्या मागून आणून ती त्यांची झेरॉक्स काढू लागली. कुठे? भाऊच्याच दुकानात. एकदा डब्याचं झाकण उघडं होतं तेव्हा मी तिला पाहिलं. झेरॉक्सचे सुटे पैसे परत घेत होती आणि नाणी नाकाशी धरून ओळखत होती. मी आतून ओरडलो, पण आमचा आवाज तो केवढा!

भाऊ गोड होता, पण कागदाच्या बाबतीत महाकंजूष. बिघडलेली झेरॉक्स तो फेकायचा नाही. पाठकोऱ्या कागदांचा एक गठ्ठा करून ठेवायचा आणि शाळेच्या मुलांना त्यावर निम्म्या दरात छापून द्यायचा. त्या दिवशी मुलीला इतिहासाची अकरा पानं हवी होती. भाऊनं गठ्ठ्यातले कागद यंत्रात घातले आणि देऊन टाकले. त्या गठ्ठ्यात त्याच्या दफ्तराचा एक बिघडलेला कागदही होता, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. पिन लिहून झाल्यावर झेरॉक्स कडेला वाकडी आलेली दिसली, म्हणून त्यानंच तो बाजूला टाकला होता.

पुढचं मी पाहिलेलं नाही. मी डब्यात होतो. पण आजोबा ही हकीकत घरी येईल त्याला सांगतात, त्यामुळे मला तोंडपाठ आहे. थोडं तिखटमीठ त्यांनी लावलेलं असेल, ते तुम्ही वजा करून घ्या.

रविवारची सकाळ. मुलगी नाक कागदाला टेकवून पाठांतर करत होती. आजोबांनी सवयीनं तिच्या हातातलं पान घेतलं, समोरची बाजू तपासली, दोन ठिकाणी लाल गोल केले. मग उलटी बाजू पाहिली. प्रुफं वाचणारा माणूस, कागदाला दोन बाजू असतात हे विसरेल कसा?

“अगं, हे इतिहासाचं पान ना?” आजोबा म्हणाले. “मग याच्या मागे तुझी आई काय करतेय?”

“कुठे?” मुलीनं कागद नाकाशी नेला.

“ही बघ. नाव, नंबर, खाली लाल शाईत पिन. उघड्यावर! सूनबाई, इकडे ये.”

मालकीण भांडी टाकून आली. कागद पाहिला आणि लाल शाईतले आकडे तळव्यानं झाकले. आजोबांनी भिंग घेतलं आणि माझ्या पाठीची झेरॉक्स मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. जन्मापासून पहिल्यांदा कुणीतरी माझी पाठ वाचत होतं!

“‘हे कार्ड बँकेच्या मालकीचे आहे. ते अन्य व्यक्तीस वापरावयास देऊ नये. हरवल्यास अथवा चोरीस गेल्यास त्वरित खालील क्रमांकावर कळवावे. सापडल्यास बँकेच्या शाखेत जमा करावे.’ छपाई बरी आहे. चूक नाही एकही.”

“पण आप्पा, हरवलंय कुठे? भाऊंच्या डब्यात आहे की.”

“तुझ्या हातात आहे का?”

“नाही.”

“मागितलंस तर मिळेल?”

“दहा हजार दिले तर.”

“मग याला हरवणंच म्हणतात. दुसरा शब्द चोरीचा आहे, तो म्हणायला तुझी जीभ रेटणार नाही.”

मालकिणीनं ओले हात पदराला पुसले. मग हळूच म्हणाली, “पैसे तर आपणच घेतले ना, आप्पा. शब्द दिला होता मी.”

“शब्द पैसे फेडायचा दिला होतास. पगार देऊन टाकायचा नाही. दहा घेतलेस, अकरा महिन्यांत तेहतीस हजार नुसतं व्याज दिलंस. तीन म्हाताऱ्यांची तोंडं भरली असती एवढ्यात!” आजोबांनी तोंडातली कवळी काढली आणि वाटीत ठेवली. पुढचं ते बोळक्या तोंडानं बोलले, निम्मे शब्द वाऱ्यावर गेले, पण दोघींनाही सगळं कळलं. “माझ्या तोंडात दात आले आणि या पोरीच्या डोळ्यांवर चष्मा आला नाही. रोज हेच चावतोय मी. तू फोन कर, नाहीतर ही कवळी मी भाऊच्या दुकानात नेऊन ठेवतो. घे म्हणावं तुझा माल परत.”

ते खरंच नेऊन ठेवतील, याची तिला खात्री होती. तिनं फोन केला. आधी बराच वेळ वाजंत्री वाजली, मग एक दाबा, चार दाबा, परत वाजंत्री, आणि शेवटी एक माणूस बोलला.

“कार्ड कधी हरवलं, मॅडम?”

“अकरा महिने झाले.”

“आणि आज कळवताय?”

“आज कळलं,” मालकीण म्हणाली.

आठवड्यानं ती नवं कार्ड आणायला शाखेत गेली. तिथल्या बाईनं विचारलं, जुन्याचा पिन कुणाला सांगितला होतात का? मालकिणीला खोटं बोलता येत नाही. तिनं सगळं सांगून टाकलं आणि यथास्थित बोलणी खाल्ली. बोलून झाल्यावर त्या बाईनं तिला पाणी दिलं आणि म्हणाली, “परवाना नसताना व्याजानं पैसे देणं गुन्हा आहे. त्रास दिला तर त्यानं घाबरायचं, तुम्ही नाही. आणि हा नवा पिन स्वतःच्या सावलीलासुद्धा सांगू नका.”

इकडे आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. एक तारीख आली, वरात निघाली. माझी पाळी आली, मी आत गेलो. यंत्रानं मला चाचपलं आणि थुंकून टाकलं. भाऊनं मला शर्टाला पुसलं. परत थुंकलं. भाऊनं माझ्यावर फुंकर मारली, चिपवरून अंगठा फिरवला. तिसऱ्यांदा यंत्राचा पडदा लाल झाला.

रखवालदारानं मान लांब करून पडद्यावरचं वाचलं. “भाऊ, हे हरवलेलं म्हणून नोंदवलंय.”

“हरवलेलं? माझ्या हातात आहे हे!”

“तेच तर,” रखवालदार म्हणाला, आणि पहिल्यांदाच सलाम न ठोकता परत स्टुलावर जाऊन बसला. गठ्ठ्यात त्याचं कार्ड आनंदानं वाकायला लागलं.

पाळी सुटायच्या वेळी भाऊ मला मुठीत धरून कारखान्याच्या फाटकाशी उभा राहिला. त्याच्या तळव्याला घाम आला होता. बायका बाहेर पडत होत्या. मालकीण दिसली. तिनं त्याला पाहिलं आणि तिची पावलं अडखळली. मला वाटलं, आता ही वळणार आणि मागच्या दारानं जाणार. ती वळली नाही.

“ताई, तुमचं कार्ड चालत नाही.” भाऊचा आवाज अजून गोडच होता.

“हो. हरवलंय ते.”

“हे काय मग माझ्या हातात?”

“सापडलं का? बरं झालं. पाठीवर लिहिलंय बघा, सापडल्यास बँकेत जमा करावं.”

कुणीतरी खुदकन हसलं. भाऊच्या आवाजातली साखर उतरली. “दहा हजार बाकी आहेत माझे! माणुसकीनं दिले होते, हे फेडताय का पांग?”

मालकिणीनं पदराचं टोक घट्ट धरलं. “देते की. मुद्दल सगळं देते. महिन्याला अडीच हजार, स्वतःच्या हातानं आणून देते. फक्त पावती द्या.”

“पावती?”

“दहा हजार दिले होते, त्यातले इतके परत मिळाले, एवढंच लिहायचं. खाली सही आणि दुकानाचा शिक्का.”

“माझ्यावर विश्वास नाही का, ताई?”

“आहे ना. पण आमचे आप्पा प्रुफं तपासायचे हो, त्यांना सगळं छापील लागतं.”

आता फाटकाशी चाळीस बायका थांबल्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्यांची कार्डं त्या डब्यात होती. भाऊनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. ज्याच्याकडे परवाना नाही, तो कर्जाची पावती कशी देणार? सही केली की स्वतःच्या हातानं स्वतःचीच तक्रार लिहिली! तो काहीतरी पुटपुटला, मला जमिनीवर फेकलं आणि निघून गेला. मी मालकिणीच्या चपलेपाशी पडलो. तिनं मला उचललं, पदरानं पुसलं आणि तिथेच फाटकाला टेकून रडली. मोठ्यानं रडली. मीही रडलो असतो, पण चिप भिजून चालत नाही.

त्यानंतर त्या भागात कार्डं हरवण्याची साथच आली. इस्त्रीच्या रुळावरच्या नऊजणींची एका आठवड्यात हरवली. बँकेतल्या बाईनं म्हणे विचारलं, तुमच्या कारखान्याच्या खिशांना भोकं पडलीत का? रखवालदारानं धीर करायला तीन महिने घेतले, पण केला. मालकीण दर एक तारखेला पाकिटात अडीच हजार घालून झेरॉक्सच्या दुकानात जाते आणि पावती मागते. “राहू द्या ताई, पुढच्या महिन्यात बघू,” भाऊ म्हणतो. पुढच्या महिन्याची पाळी आता त्याच्यावर आलीय. पाकीट ती घरी आणून तसंच ठेवते. आजोबा म्हणतात, खर्च कर. ती म्हणते, नाही आप्पा, पावती मिळाली की द्यायचेच आहेत. असल्या बाईला काय म्हणावं!

भाऊ सुधारला, असं सांगून मला गोष्ट गोड करायची नाही. डबा अजून आहे. ऐकतो की पलीकडच्या काचकारखान्यातली कार्डं आता त्यात येतात, आणि कागदाच्या बाबतीत भाऊ फार सावध झालाय. मास्तरांचं कार्डही अजून तिथेच आहे. मास्तर एवढे शिकलेले, पाठीवरच्या चार ओळी त्यांना भिंगाशिवाय वाचता येतील. पण बँकेत जाऊन सांगायचं म्हणजे लोकांना कळणार, आणि लोकांना कळलं तर काय, या धास्तीनं चौथं वर्ष लागलं. मास्तर, लोकांना केव्हाच कळलंय. एक तारखेला रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलंय. जा आणि हरवलंय म्हणून सांगा.

मी आता मुलीच्या इतिहासाच्या पुस्तकात खूण म्हणून राहतो. काम हलकं आहे. पानं मऊ आहेत, बिस्किटांचा वास नाही. नवं कार्ड रुमालात असतं आणि माझ्याकडे बघून नाक मुरडतं. मुरडू दे.

चष्मा आला त्या दिवसाचं सांगतो आणि थांबतो. हातात पडलेल्या पहिल्या पगारातून मालकिणीनं तो आणला. मुलगी तो घालून सगळ्या घरभर फिरली, भिंतीवरच्या भेगा मोजल्या, आजोबांच्या कानातले केस मोजले. मग पुस्तक उघडलं, मला बाहेर काढलं आणि हात लांब ताठ करून माझी पाठ वाचली, चारही ओळी, न अडखळता.

“आजोबा, यात लिहिलंय की हे कार्ड बँकेच्या मालकीचं आहे. म्हणजे हे आपलं कधी नव्हतंच?”

“कार्ड नव्हतं, बाळ,” आजोबा म्हणाले. “पगार आपला होता.”

मालकीण पलंगावरची चादर काढून तिची घडी करत होती. तिनं वर पाहिलं नाही, पण चादरीची तीच घडी तिनं दोनदा घातली.